डिंककाकांची पट्टी

मंगळवारी सकाळी सव्वादहाला डिंककाकांनी ऑफिसात लॅपटॉप उघडला, चष्मा पुसला, आणि कालच्या नोंदींमध्ये त्यांना स्वतःचं नाव दिसलं. सोमवार, दुपारी तीन चाळीस, बदल करणारा: डिंककाका. त्यांनी चष्मा परत पुसला. नाव हललं नाही. काल दुपारी आपण एका ओळीलासुद्धा हात लावलेला नाही, हे काकांना पक्कं माहीत होतं. काल दुपारी ते पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या शिडीपाशी उभे होते.

काका घाबरले. आता यात एवढं घाबरण्यासारखं काय, असं तुम्हाला वाटेल. वाटणारच, कारण तुम्हाला ना काका माहीत, ना ती नोंद. तेव्हा जरा दम धरा, आधी तेवढं सांगून टाकतो.

हा माणूस विद्यापीठाच्या परीक्षा विभागात चिकटवण्याच्या कामावर लागला. हसू नका, तेही काम असतं. उत्तरपत्रिकेच्या कोपऱ्यात विद्यार्थ्याचा नंबर असतो, त्यावर कागदाची पट्टी चिकटवायची आणि पट्टीवर गुप्त क्रमांक घालायचा, म्हणजे तपासणाऱ्याला कळू नये की पेपर कोणाचा. तपासून आला की पट्टी उचलायची आणि मार्क ज्याचे त्याला द्यायचे. पंधरा वर्षं काकांनी हेच केलं. पट्टीच्या कडेवर अशी सही करायची, की अर्धी पट्टीवर आणि अर्धी कागदावर. कोणी मधे पट्टी उचलली तर सही जुळत नाही. बोटांना डिंक कायमचाच, लग्नाच्या दिवशीसुद्धा अंगठ्यावर पापुद्रा होता म्हणे. काकू अजून सांगतात. डिंककाका हे नाव असं पडलं आणि इतकं चिकटलं की खरं नाव पगाराच्या कागदावर तेवढं उरलं.

नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी त्यांच्याकडून दोन पट्ट्यांची अदलाबदल झाली. एक मुलगी नापास झाली. तिचे वडील आले आणि खिडकीसमोरच्या बाकावर बसले. ओरडले नाहीत, भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "माझी मुलगी नापास होणारी नाही. दार लावून बसलीय घरात. तेवढं एकदा बघा." आणि तीन दिवस येऊन बसत राहिले. तिसऱ्या दिवशी काकांनी कोणाला न विचारता गठ्ठे सोडले आणि स्वतःची चूक स्वतः शोधून काढली. मुलगी पास झाली, प्रकरण मिटलं. पण त्या तीन दिवसांत त्या बंद दारामागे काही बरंवाईट झालं असतं तर, हा विचार काकांच्या मागे लागला तो लागलाच. तिचा नंबर होता ३९०६. हा नंबर त्यांनी कधी कोणाला सांगितला नाही, काकूंनाही नाही. लाज वाटायची.

पुढे कागद गेले. सात विद्यापीठांनी एकत्र बसून ठरवलं की ऑनलाइन शिकवायचं आणि परीक्षा घ्यायचं सॉफ्टवेअर बाहेरून आणायचं नाही. आपलं आपण लिहायचं, सगळ्यांनी मिळून लिहायचं, आणि कोणालाही वाचता यावं, घेता यावं, बदलता यावं असं उघडं ठेवायचं. ओपन सोर्स म्हणतात त्याला. त्यातला नाव झाकायचा भाग लिहायची वेळ आली तेव्हा तीन तरण्याताठ्या इंजिनिअरांनी काकांना बोलावलं आणि विचारलं, पट्ट्या कशा लावायचात? काकांनी दोन दिवस समजावलं. त्यांनी जे लिहिलं ते बघून काका म्हणाले, चूक आहे. तिघांपैकी एक वैतागून म्हणाला, मग तुम्हीच लिहा. तो चेष्टेत बोलला, काकांनी मनावर घेतलं. बेचाळिसाव्या वर्षी हा गृहस्थ कोड लिहायला शिकला आणि वर्षभराने तो भाग त्याने लिहून दाखवला. साती विद्यापीठांत त्या भागाला डिंकच म्हणतात. जिथे काकांचं तोंडही कोणी पाहिलेलं नाही तिथेसुद्धा पोरं म्हणतात, डिंक नीट चाललाय ना?

या सात घरांच्या संसाराला दोन नियम आहेत. पहिला, जो बदल होईल तो नोंदीत जाणार. कोणी केला, किती वाजता केला, कुठली ओळ काढली, कुठली घातली, सगळं. ती नोंद पुसता येत नाही आणि जगातला कोणीही ती वाचू शकतो. दुसरा, एका विद्यापीठाने लिहिलेलं दुसऱ्या विद्यापीठाच्या माणसाने वाचल्याशिवाय आत घ्यायचं नाही. डिंकाचं वाचणं मास्तरीणबाईंकडे होतं. बाई सातांपैकी दुसऱ्या एका विद्यापीठात, आधी शाळेत गणित शिकवायच्या. अकरा वर्षं काकांची प्रत्येक ओळ त्यांच्या नजरेखालून गेली होती. वही तपासावी तशा तपासायच्या आणि खाली लिहायच्या, "बाकी ठीक."

तर त्या मंगळवारची ती नोंद. काकांनी ती उघडली. एक तपासणी काढून टाकलेली. गुप्त क्रमांक देताना तो आधी कोणाला दिलेला नाही ना, हे बघणारी ओळ. ती काढली तर दोन पोरांना एकच क्रमांक मिळू शकतो. आणि खाली टीप: "ही ओळ अनावश्यक वाटते. पुढच्याने बघून घ्यावे." 'पुढच्याने बघून घ्यावे' हे त्यांचं वाक्य होतं. परीक्षा विभागात गठ्ठ्यावर लिहायचे ते, आणि साती विद्यापीठांत ते वाक्य लिहिणारा दुसरा कोणी नव्हता. खाली बाईंनी लिहिलं होतं, "काका, ही ओळ मी परत घातली आहे. बाकी ठीक."

पुढच्या सोमवारी परीक्षा होती. साती विद्यापीठांची पहिली एकत्र परीक्षा, नव्वद हजार पोरं, आणि सगळ्यांची नावं डिंकाखाली. पट्टी चुकली तर एकाचा पेपर दुसऱ्याच्या नावावर जाणार, आणि नावच झाकलेलं म्हटल्यावर कोणाला पत्ता लागणार नाही. आता तर कोणाचा बाप बाकावर येऊन बसायलाही खिडकी उरलेली नाही.

काका तडक तळमजल्यावर गेले. तिथे सर्व्हर सांभाळणारा बसतो, त्याला सगळे कुलूपवाला म्हणतात. त्याला म्हणाले, "माझा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागलाय."

कुलूपवाल्याने बघितलं. बरंच बघितलं. मग खुर्ची मागे रेलून म्हणाला, "काका, चोर आला असेल तर तुमच्याच खोलीत, तुमच्याच लॅपटॉपवर बसून, तुमचाच चष्मा लावून गेलाय."

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. बाहेरून कोणी आलेलंच नाही. बदला पासवर्ड, वाटल्यास मी उभा राहतो."

काकांनी पासवर्ड बदलला आणि जिना चढून वर आले. त्यांना दोन भीती होत्या. एक, की चोर आहे. दुसरी, की चोर नाही. पहिली त्यांनी घट्ट धरून ठेवली, कारण दुसरीकडे बघायची त्यांची छाती होत नव्हती.

बुधवारी ते घरून येताना डिंकाची बाटली घेऊन आले. म्हणजे बघा, पासवर्डावर ज्याचं जग चालतं त्या माणसाचा शेवटी भरवसा कशावर, तर पट्टीवर. साडेबाराला जेवायला उठायच्या आधी त्यांनी लॅपटॉप मिटला, झाकण आणि खालचा भाग यांच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवली, कडेवर आडवी सही केली, अर्धी पट्टीवर, अर्धी यंत्रावर. आता येऊ दे कोण येतो तो, असं मनाशी म्हणून खोलीला कडी लावून बाहेर पडले.

अडीच वाजता ते टेबलापाशी उभे होते. पट्टी जागच्या जागी. सही त्यांचीच, अर्धी इकडे, अर्धी तिकडे, केसभर फरक नाही. काकांचा जीव भांड्यात पडला. हसू आलं स्वतःचं. मग खुर्चीवर बसता बसता सवयीने त्यांनी पट्टीच्या कडेवरून अंगठा फिरवला.

कड उंच लागली. पंधरा वर्षं त्या अंगठ्याने दुसरं काही केलं नव्हतं. पट्टी एकदाच लावलेली असेल तर कड कशी लागते आणि आधीची फाडून वर दुसरी लावली असेल तर कशी लागते, हे त्याला विचारायला लागत नाही. काकांनी नखाने कोपरा उचलला. खाली आधीच्या पट्टीचा फाटका तुकडा होता. त्यावर अर्धी सही. तीही त्यांचीच.

काकांनी खाली वाकून पिशवी उचलली. पिशवी जड लागली. डबा काढला, झाकण उघडलं. डबा भरलेला होता. सकाळी काकूंनी भरून दिला तसाच, घासभरसुद्धा कमी नाही. आणि काकांना तर कॅन्टीनच्या खिडकीजवळ बसून जेवल्याचं आठवत होतं. समोर कोण बसलं होतं, तेही आठवत होतं. त्यांनी शेजारच्या खोलीत जाऊन विचारलं, तर तो माणूस आज रजेवर होता. ते जेवण कालचं असेल, परवाचं असेल, नाहीतर मागच्या महिन्यातलं.

नोंद उघडायची गरज नव्हती. तरी उघडली. बुधवार, दुपारी एक पन्नास. डिंककाका.

संध्याकाळी घरी काकू खिडकीपाशी काकांच्या शर्टाचं बटण लावत बसल्या होत्या. काकू निवृत्त नर्स, हाताला घाई नाही आणि तोंडाला पडदा नाही. काका समोर बसले आणि म्हणाले, "अगं, मी काही विसरतोय का?"

सुई थांबली. काकूंनी दोरा दातांनी तोडला, शर्ट बाजूला ठेवला, उठल्या आणि कपाटाचा खालचा खण ओढला. आत चार चष्मे होते. चारही सारख्या काड्यांचे, चारही त्याच नंबराचे.

"हे कोणाचे?" काकांनी विचारलं.

"तुमचेच. हरवला हरवला म्हणून दर वेळी नवा केलात. जुना खिशातच असायचा. मी काढून ठेवत गेले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगू?" काकूंचा आवाज चढला आणि मग लगेच उतरला. "आयुष्यभर वॉर्डात दुसऱ्यांच्या बायकांना समजावलं, की लवकर आणा, लपवू नका. आणि स्वतःवर आली तेव्हा चार महिने खण लावून बसले. तुम्ही घाबरला असतात हो. आणि तुम्ही घाबरलात तर मी कोणाकडे बघायचं?"

काकांनी एकेक चष्मा उचलून काड्या मिटल्या आणि परत खणात ओळीने ठेवले. काकू म्हणाल्या, "मंगळवारी डॉक्टरची वेळ घेतलीय. मी बरोबर येणार आहे. नाही म्हणू नका."

"मंगळवारी," काका म्हणाले. "परीक्षा सोमवारी आहे."

गुरुवारी सकाळी काका कामावर गेले ते एक गोष्ट ठरवून. त्यांनी डिंकात गेल्या तीन महिन्यांत केलेले स्वतःचे सगळे बदल उघडले आणि परक्याची उत्तरपत्रिका तपासावी तसे वाचायला घेतले. एकेचाळीस बदल. त्यातले सत्तावीस आठवत होते. चौदा बदल वाचताना असं वाटत होतं की दुसऱ्याचीच कोणाची तरी पत्रं आपण चोरून वाचतोय. पण त्या चौदांतल्या तेरांच्या खाली बाईंचं अक्षर होतं. "काका, हे मी सरळ केलं." "काका, इथे कंस राहिला होता, घातला." "काका, ही ओळ काढली, रागावू नका." तीन महिने ही बाई त्यांच्या मागून झाडत येत होती आणि एका शब्दाने बोलली नव्हती. काकांना लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चौदाव्याच्या खाली फक्त एवढंच होतं, "बाकी ठीक."

काकांनी ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. परीक्षा संपली की पट्टी उचलताना डिंक दोन याद्या समोरासमोर ठेवतो, एक नावांची आणि एक गुप्त क्रमांकांची, दोन्हींत पुढे अनुक्रमांक घातलेले, आणि पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा असे जोडतो. दोन्ही याद्या एकाच क्रमाने लावलेल्या असल्या तर चिंता नाही. या बदलात एक यादी आकड्यांच्या क्रमाने लागत होती आणि दुसरी शब्दकोशासारखी, अक्षरांच्या क्रमाने. आणि अक्षरांच्या क्रमाने लावलं की १० हा २ च्या आधी येतो, कारण त्याचं पहिलं अक्षर १ आहे. नऊ विद्यार्थ्यांपर्यंत दोन्ही याद्या सारख्याच दिसतात. दहावा आला की सगळे सरकतात. बदल तपासायला साती विद्यापीठांनी जो नमुन्याचा वर्ग ठेवला होता, त्यात विद्यार्थी होते नऊ. सगळ्या चाचण्या हिरव्या, म्हणजे पास, आल्या होत्या आणि बाईंचे डोळेही त्यावरून निघून गेले होते.

सोमवारी नव्वद हजार पोरं बसणार होती. काकांना एकदम खूप दारं दिसली, सगळी आतून लावलेली. हे मी केलं, ते स्वतःशी म्हणाले. मला आठवत नाही, पण हे मी केलं.

चूक दुरुस्त करायला त्यांनी बोटं उचलली आणि तिथेच थांबवली. या बोटांवर आता विश्वास कसा ठेवायचा? त्याऐवजी त्यांनी दुसरी फाईल उघडली. चाव्यांची यादी म्हणायचे तिला. डिंकाला हात लावायची मुभा असलेली सात नावं, एकाखाली एक, सगळ्या जगाला दिसतील अशी. पहिलं नाव त्यांचं. त्यांनी पहिली ओळ पुसली, खाली लिहिलं, "मला विसरायला होतं आहे. परीक्षेच्या आत माझं नाव काढावे. पुढच्याने बघून घ्यावे," आणि पाठवलं.

पडद्यावर एक सूचना आली. हाच बदल याआधी दोनदा सुचवला गेला आहे.

काकांना वाटलं, काहीतरी घोळ आहे. त्यांनी उघडलं. सव्वीस दिवसांपूर्वी. सुचवणारा, डिंककाका. "मला विसरायला होतं आहे. परीक्षेच्या आत माझं नाव काढावे. पुढच्याने बघून घ्यावे." शब्दाला शब्द तोच. खाली बाई: "काका, असं करू नका. मी तुमची प्रत्येक ओळ दोनदा वाचते आहे. परीक्षा होऊ द्या." आणि त्याखाली काकांचं उत्तर: "बरं." मग दुसरा, अकरा दिवसांपूर्वीचा. तेच वाक्य. खाली बाई: "काका, आपण हे मागे बोललोय. तुमच्या लक्षात नाही. थांबा थोडं." आणि काका: "बरं."

म्हणजे हा धीर त्यांनी याआधी दोनदा गोळा केला होता. दोनदा हीच भीती सगळी भोगून झाली होती, आणि दोन्ही वेळा घरी जाऊन ते जेवून, निवांत झोपले होते. एवढी भीती त्यांना चोराचीसुद्धा वाटली नव्हती.

त्यांनी फोन उचलला.

"बाई, मी बोलतोय."

"बोला काका. आवाज असा का?"

"तुम्ही मला दोनदा परत पाठवलंत."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज, दार लोटल्याचा आवाज.

"वाचलंत ते," बाई म्हणाल्या.

"कधीपासून माहीत आहे?"

"तीन महिने होतील. आधी वाटलं दमलात, कामाचा ताण आहे. मग लक्षात आलं. मी भ्यायले, काका. तुम्ही नसलात तर डिंक कळणारं साती ठिकाणी आहे कोण? म्हटलं, परीक्षा होईपर्यंत मीच दोघांचं वाचेन. आणि खरं सांगू, तुमचं नाव माझ्या हाताने काढायचं माझ्याच्याने होईना."

"सगळं नीट सांभाळलंत. एक सोडून."

काकांनी ओळीचा नंबर सांगितला. नऊ पोरं आणि दहावा, एवढंच बोलले. पलीकडे कीबोर्डच्या कळा वाजल्या, थांबल्या, आणि मग बाईंचा आवाज आला, अगदी हळू. "मी वाचली होती ही ओळ. दोनदा वाचली होती."

"तुमचा दोष नाही. नमुन्यात नऊच होते."

"नव्वद हजार पोरं, काका."

"म्हणून तर सांगतोय. हे एकेक दुरुस्त करत बसू नका. तीन महिन्यांपूर्वीचा डिंक जसाच्या तसा परत लावा. तो मी लिहिलाय, तो मला तोंडपाठ आहे, झोपेतून उठवून विचारा. त्यानंतरचा कोणी लिहिलाय ते मला माहीत नाही."

बाई रडत होत्या की नाक ओढत होत्या, ते फोनवर कळलं नाही. "लावते," त्या म्हणाल्या.

"आणि माझं नाव काढा. आत्ता, मी फोनवर असताना."

"काढते. पण काका, उद्या तुम्ही विसरलात तर? तुम्हाला वाटलं की कोणीतरी तुम्हाला बाहेर काढलं? मी किती समजावणार? परवासारखे भांडाल माझ्याशी."

"परवा मी भांडलो?"

"भांडलात. जाऊ द्या ते."

काकांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "मला काही समजावू नका. एक नंबर सांगतो, तेवढा लिहून पाठवा. तीन नऊ शून्य सहा."

"कसला नंबर?"

"आहे एक. मला कळेल."

त्यांच्या समोर पडद्यावर सात नावांची सहा झाली. खाली बाईंनी लिहिलं, "वाचलं." या वेळी 'बाकी ठीक' नव्हतं.

शुक्रवारी सकाळी सव्वादहाला डिंककाकांनी लॅपटॉप उघडला आणि चष्मा पुसला. डिंक उघडायला गेले तर उघडेना. मुभा नाही, असं म्हणतोय. त्यांनी चाव्यांची यादी उघडली. सहा नावं. पहिली ओळ, जिथे अकरा वर्षं त्यांचं नाव होतं, तिथे दुसऱ्याच कोणाचं तरी नाव. परीक्षा तीन दिवसांवर, आणि डिंकाचा माणूसच बाहेर. म्हणजे चोर होताच. कुलूपवाल्याला सांगितलं होतं मी, त्याने हसण्यावारी नेलं. त्यांनी मास्तरीणबाईंना लिहिलं, "बाई, माझं नाव कोणीतरी काढलं आहे. घातपात दिसतो. ताबडतोब परत घालावे, पोरांचा प्रश्न आहे."

चार मिनिटांनी उत्तर आलं. काका नाही, नमस्कार नाही, काही नाही. नुसते चार आकडे.

३९०६.

काकांनी ते वाचले आणि खिडकीसमोरचा बाक त्यांच्या डोळ्यांपुढे आला. त्यावर बसलेला माणूस, त्याच्या मांडीवरची घडी घातलेली छत्री, त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं वरचं बटण, सगळं आलं, आत्ता समोर बसल्यासारखं. दार लावून बसलीय घरात, तो म्हणत होता.

हा नंबर बाईंना कुठून कळला? काकांनी तो जन्मात कोणाला सांगितला नव्हता. बायकोलाही नाही. तेव्हा तो बाईंना सांगू शकेल असा जगात एकच माणूस होता.

काकांनी दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले. मग एकेक कळ शोधून त्यांनी टंकलं, "बरं. पुढच्याने बघून घ्यावे."

लॅपटॉप मिटून त्यांनी फोन घेतला आणि काकूंना लावला. "मला न्यायला येतेस का? रस्ता येतो मला. पण आज कोणीतरी बरोबर हवं."

"खालीच आहे," काकू म्हणाल्या. "जिन्याजवळच्या बाकावर. तुम्ही आत गेलात तेव्हापासून बसलेय."